जपानी घरचा स्वयंपाक तिथल्या बायकांकडून शिकताना: वाकायामाच्या निमित्ताने एक मार्गदर्शक

परक्या देशातून आलेल्या माणसाला जपानी घराच्या स्वयंपाकघरात शिरकाव मिळणे वाटते तितके अवघड नाही. तिथे गेल्यावर नेमके काय पाहायचे हे कळणे जास्त अवघड आहे. बहुतेक जण चार पदार्थांच्या कृती आणि पुष्कळ छायाचित्रे घेऊन परततात, आणि तोच पदार्थ आपल्या हातचा वेगळा का लागतो, याचा विचार करत बसतात. वयस्क जपानी गृहिणीचे कसब सुट्या पदार्थांपेक्षा दिवसाच्या आखणीत जास्त असते. सकाळी काढलेली दाशी, म्हणजे समुद्रशैवाल आणि वाळवलेल्या माशाचे चवदार पाणी, कुठे कुठे वापरायची, कालचे उरलेले आज कशात घालायचे, कोणता पदार्थ आधी करून निवू द्यायचा आणि कोणता पानावर बसण्याच्या क्षणी करायचा, हे सगळे तिच्या डोक्यात एकाच वेळी चालू असते. शिकायची असते ती ही आखणी.

उदाहरणासाठी वाकायामा हा प्रांत घेतला आहे. ओसाकाच्या दक्षिणेला ‘किई’ नावाच्या द्वीपकल्पावर पसरलेला हा प्रांत परदेशी प्रवाशांच्या नेहमीच्या वाटेवर फारसा येत नाही आणि म्हणूनच शिकण्यासाठी सोयीचा आहे. मिनाबे आणि तानाबे भागातला उमे (जर्दाळूसारखे आंबट फळ), युआसा गावची शोयूची, म्हणजे सोया सॉसची, जुनी परंपरा आणि कोयासान या बौद्ध तीर्थाच्या मठांमधले शाकाहारी जेवण अशा तीन गोष्टी इथे एकाच प्रांतात मिळतात. महाराष्ट्र शासनाने 2013 मध्ये या प्रांताशी सहकार्याचा करार केला आणि 2015 मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव अगदीच अनोळखी नसावे.

कुठे शिकायचे आणि केव्हा जायचे

पर्यटकांसाठी चालणारे दोन-तीन तासांचे खाजगी वर्ग सगळ्या मोठ्या शहरांत असतात. ओळख करून घेण्यासाठी त्यांपैकी एखादा करायला हरकत नाही, पण तिथे भाज्या चिरून, मसाले मोजून तयार ठेवलेले असतात आणि शिकण्यासारखा निम्मा भाग तुम्ही येण्यापूर्वीच उरकलेला असतो. त्यापेक्षा कोमिनकानचा, म्हणजे गावातल्या सार्वजनिक शिक्षण केंद्राचा, मार्ग धरावा. 1949 च्या सामाजिक शिक्षण कायद्याने या सार्वजनिक केंद्रांना कायदेशीर आधार मिळाला आणि आज अगदी लहान गावांतही ती आढळतात. अनेक केंद्रांत ओटे, शेगड्या आणि भांडी असलेले स्वयंपाकाचे दालन असते आणि तिथे गावातल्या बायकांचे गट नियमित जमतात. वर्गांची माहिती नगरपालिकेच्या मासिक पत्रिकेत येते. शुल्क बहुधा साहित्याच्या खर्चापुरतेच असते. परदेशी माणसाने थेट दार ठोठावण्यापेक्षा शहराच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण मंडळामार्फत विचारणा करावी, कारण अनोळखी माणसाची हमी घेणारे कोणीतरी मध्ये असले की होकार लवकर मिळतो.

दुसरा मार्ग शेतकऱ्याच्या घरी पैसे भरून मुक्काम करण्याचा आहे. तिथे सकाळची भाजी तोडण्यापासून रात्रीची भांडी पुसण्यापर्यंतचा सगळा दिवस पाहायला मिळतो. तिसरा मार्ग महामार्गालगतच्या मिचिनोएकी केंद्रांचा. तिथल्या दुकानात लोणची, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) आणि जेवणाचे डबे ठेवणारे गट बरेचदा गावातल्या शेतकरी बायकांचेच असतात. वेष्टनावर बनवणाऱ्याचे नाव असते आणि दुकानातल्या माणसाकडे नम्रपणे चौकशी केली तर ओळख करून दिली जाते. पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेले कामसुद्धा त्यात धरले जाऊ शकते, म्हणून असा सौदा करू नये. सरळ पैसे भरून पाहुणा म्हणून राहावे.

महिना निवडताना फुलांपेक्षा कामांचा विचार करावा. जानेवारी-फेब्रुवारीत मिसो घालतात, जूनमध्ये उमे येतात, जुलैच्या अखेरीस ते उन्हात वाळतात, शरद ऋतूत पर्सिमनची फळे सोलून दोरीला टांगतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्या वर्षाच्या ओसेची पदार्थांची गडबड असते. ही शेवटची वेळ पाहुण्याने टाळावी, कारण त्या दिवसांत कोणाही बाईला शिकवायला उसंत नसते. जून महिना पावसाचा आणि दमट असला, तरी माझ्या मते पहिल्या खेपेला तोच उत्तम, कारण तेव्हा हाताला काम भरपूर असते आणि नवख्याला करता येण्यासारखे असते.

जाण्यापूर्वीची तयारी

जपानी भाषा थोडी तरी यायला हवी. काताकाना आणि हिरागाना या दोन लिप्या वाचता आल्या की बाटल्यांवरची नावे कळतात, आणि हे काम दोन-तीन महिन्यांच्या नेटक्या अभ्यासात होते. स्वयंपाकघरात तीन वाक्ये सतत लागतात. पाहू का, हे विचारायला ‘मिते मो ई देसु का’. करून पाहू का, हे विचारायला ‘यात्ते मिते मो ई देसु का’. आणि छायाचित्र घेऊ का, हे विचारायला ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देसु का’. दुसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. ते न विचारणाऱ्या पाहुण्याला शेवटपर्यंत खुर्चीवर बसवून चहा दिला जातो.

सामानात ॲप्रन, डोक्याला बांधायचा रुमाल, हात पुसायचा छोटा टॉवेल, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा बॅटरीचा वजनकाटा आणि ओल्या हातानेही लिहिता येईल अशी पेन्सिल-वही असावी. बऱ्याच वयस्क बायका कप्पोगी नावाचा लांब बाह्यांचा पांढरा ॲप्रन घालतात. तसा एखादा गावातल्या दुकानातून विकत घेतला तर त्यांना मनापासून आनंद होतो. नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढाव्यात आणि अत्तर लावू नये.

जे शाकाहारी आहेत त्यांनी ते आधीच, लेखी आणि तपशिलाने कळवावे. नुसते ‘मी शाकाहारी आहे’ म्हटल्यास मांस टाळले जाईल, पण माशाची दाशी बहुतेक वेळा राहील, कारण तिथल्या रोजच्या समजुतीत ती पाण्यासारखीच गृहीत धरलेली असते. मांस, मासे, माशाची दाशी आणि कात्सुओबुशी (वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्या) हे चारही शब्द वेगवेगळे लिहावेत. आयत्या वेळी ताटावर बसून नकार देणे यजमानीणबाईंना फार लागते, कारण त्यांनी आदल्या दिवसापासून तयारी केलेली असते.

पहिल्या दिवशी वागायचे कसे

वर्गाला दहा मिनिटे आधी पोहोचावे. घरी बोलावले असेल तर मात्र ठरल्या वेळेआधी घंटा वाजवू नये. दारात बूट काढून बाहेरच्या दिशेने टोके करून ठेवावेत. मराठी माणसाच्या तोंडी काकू आणि आजी सहज येतात, पण तिथे अनोळखी वयस्क बाईला आजी म्हणणे उद्धटपणाचे वाटू शकते. आडनावापुढे ‘सान’ लावावे, आणि शिकवणाऱ्या बाईंना ‘सेन्सेई’ म्हणावे. भेट म्हणून चहा किंवा काजूसारखी टिकणारी, लहान वेष्टनातली वस्तू दोन्ही हातांनी द्यावी. ताजी फळे, कढीपत्ता, बियाणे आणि मांसाचे पदार्थ यांवर जपानच्या विमानतळावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून द्यावेत.

मदतीसाठी पुढे व्हावे, पण सुरी घेऊन नव्हे. पहिले दोन दिवस भाज्या धुणे, तांदूळ धुणे, कांदापात निवडणे आणि भांडी पुसणे एवढेच हाती घ्यावे. भांडी पुसण्याला तिथे मोठा मान आहे. काम संपल्यावर सिंकसुद्धा कोरडे करतात आणि ओट्यावर पाण्याचा थेंब राहू देत नाहीत. हे नीट करणाऱ्या पाहुण्याच्या हाती तिसऱ्या दिवशी सुरी आपोआप येते.

दाशीपासून सुरुवात

दाशी जमली नाही तर पुढचे काहीच जमत नाही. कोम्बू म्हणजे वाळवलेले समुद्रशैवाल, आणि ते मुख्यतः होक्काइदोहून येते. त्यावरची पांढरी भुकटी धुऊन टाकू नये, ओल्या फडक्याने फक्त धूळ टिपावी. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू किमान अर्धा तास भिजवावे, मग मंद आचेवर दहा मिनिटे पाणी हळूहळू तापू द्यावे आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच, उकळी येण्यापूर्वी, ते काढून घ्यावे. उकळू दिल्यास पाणी चिकट होते आणि त्याला नकोसा वास येतो. मग पाणी उकळीला आणून आच बंद करावी आणि त्यात 20 ते 30 ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ पापुद्र्या, घालाव्यात. त्या तळाशी बसायला एक-दोन मिनिटे लागतात. मग कापडातून गाळावे आणि पिळू नये, कारण पिळल्याने कडवटपणा उतरतो.

ही चव कशामुळे येते हे टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये शोधून काढले. कोम्बूतल्या ग्लुटामेट या घटकाच्या चवीला त्यांनी उमामी हे नाव दिले. पुढे 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा घटक ओळखला. हे दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढते, म्हणून दोन वस्तूंची जोडी लावतात. वाळलेल्या शिइताके मशरूममधला ग्वानिलेटही कोम्बूशी असाच जुळतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी कात्सुओबुशीऐवजी 3-4 वाळलेली शिइताके रात्रभर थंड पाण्यात भिजवून ते पाणी कोम्बूच्या दाशीत मिसळावे.

खरा धडा गाळल्यानंतर सुरू होतो. उरलेले कोम्बू आणि कात्सुओबुशी टाकून न देता पुन्हा पाण्यात मंद उकळून दुसरी, फिकी दाशी काढतात. पहिली स्वच्छ सारासाठी, दुसरी भाज्या शिजवायला आणि मिसोच्या सारासाठी वापरतात. त्यानंतरही कोम्बूचे बारीक तुकडे करून शोयू, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) आणि साखरेत आटवले की भाताबरोबर खायचे त्सुकुदानी तयार होते, आणि कात्सुओबुशी कढईत कोरडी परतून तिळाबरोबर भातावर भुरभुरतात. शिकवणाऱ्या बाईंच्या शेजारी उभे राहून हा एक तुकडा किती भांड्यांतून जातो तेवढेच लिहून काढले, तरी एका दुपारचे शिक्षण पदरात पडते. आज पुष्कळ घरांत तयार पुड्या किंवा दाणेदार दाशी वापरतात, आणि त्याबद्दल नाक मुरडू नये. त्याच बाई कोणत्या दिवशी पुडी वापरतात आणि कोणत्या दिवशी कोम्बू भिजवतात, हे पाहण्यात जास्त अर्थ आहे.

एका संध्याकाळची आखणी

एक सार आणि तीन पदार्थ अशी जेवणाची पारंपरिक मांडणी सांगितली जाते. 2013 मध्ये युनेस्कोने वाशोकूला, म्हणजे जपानी आहारपरंपरेला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यामागेही ही मांडणी आहे. रोजच्या घरात तीनाचे दोन पदार्थ होतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

साडेसहाला जेवायचे असेल तर चारच्या सुमारास कोम्बू भिजत पडते. दाशी निघाली की लगेच निमोनो, म्हणजे शोयूच्या रसात शिजवलेली भाजी, शेगडीवर चढते, कारण ती निवताना रस आत मुरतो आणि गरम असताना तिची चव वरवरची लागते. पाचच्या सुमारास तांदूळ धुतात. पहिले पाणी झटपट ओतून द्यायचे असते, नाहीतर कोंड्याचा वास दाण्यात शिरतो. मग हलक्या हाताने चोळून पाणी बऱ्यापैकी निवळेपर्यंत धुवायचे. उन्हाळ्यात अर्धा तास आणि हिवाळ्यात एक तास तांदूळ भिजतो. तांदळाचे माप 180 मिलीलिटरचे, म्हणजे सुमारे 150 ग्रॅमचे असते, आणि प्रत्येक मापाला साधारण 200 मिलीलिटर पाणी लागते. नव्या पिकाच्या तांदळाला थोडे कमी. तांदूळ भिजेपर्यंत पालक मिनिटभर उकळून, थंड पाण्यात घालून, पिळून, चार सेंटिमीटरचे तुकडे करून ठेवतात. मासा शेवटी भाजायचा. सगळे पानाशी येऊ लागले की सारात मिसो विरघळवायचा आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर त्याचा सुगंध उडून जातो. चार माणसांच्या सुमारे 650 मिलीलिटर दाशीला 50 ग्रॅम मिसो पुरतो. पण मिसो गावागणिक कमीअधिक खारट असतो, म्हणून चव पाहूनच घालावा.

तिचा अंदाज ग्रॅममध्ये कसा उतरवायचा

किती घातले हे विचारले की उत्तर ‘तेकितो’, म्हणजे आपल्या अंदाजाने, असेच येते. आपल्याकडची आजीही दुसरे काय सांगते? पुन्हा पुन्हा विचारून बाईंना अवघडवण्यापेक्षा बाटलीचे वजन करावे. स्वयंपाकाआधी शोयू, मिरिन आणि साके (तांदळाची दारू) यांच्या बाटल्या, साखर आणि मीठ यांचे डबे काट्यावर ठेवून आकडे लिहावेत, आणि पदार्थ झाल्यावर पुन्हा लिहावेत. वजाबाकीत तिचा अंदाज सापडतो. जपानी मापाचा मोठा चमचा 15 मिलीलिटरचा असतो आणि त्यात शोयू 18 ग्रॅम, मिरिन 18 ग्रॅम, साके 15 ग्रॅम, साखर 9 ग्रॅम आणि मिसो 18 ग्रॅम मावतो. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर असले की बाकी सगळे जुळते. तोच पदार्थ दुसऱ्या बाईंकडे असाच मोजावा. दोन आकडे वेगळे निघतील, आणि त्या दोन आकड्यांच्या मधली जागा हीच तुम्हाला वापरायला मोकळी असते.

पाण्याची मापे मात्र डोळ्यांनी शिकावी लागतात. भाजीची टोके पाण्याबाहेर डोकावतील इतके पाणी म्हणजे ‘हिताहिता’, आणि सगळी भाजी जेमतेम बुडेल इतके म्हणजे ‘काबुरु कुराई’. सरावासाठी भोपळ्याचा निमोनो घ्यावा. 400 ग्रॅम काबोचा भोपळ्याचे सालीसकट चार सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि त्यांच्या धारदार कडा सुरीने किंचित तासाव्यात, म्हणजे शिजताना ते एकमेकांवर आपटून मोडत नाहीत. साल खाली करून एका थरात मांडावेत, हिताहिता दाशी, एक मोठा चमचा साखर आणि तितकेच मिरिन घालून उकळी आणावी, मग ओतोशिबुता ठेवावे. हे झाकण पातेल्यापेक्षा लहान असून थेट भाजीवर बसते, त्यामुळे थोडा रससुद्धा वरपर्यंत खेळतो आणि तुकडे जागचे हलत नाहीत. ते नसेल तर कागद गोल कापून, मध्ये भोक पाडून चालतो. पाच मिनिटांनी एक मोठा चमचा शोयू घालावा आणि सुरी सहज आत जाईपर्यंत मंद आचेवर ठेवावे. साखर आधी आणि शोयू नंतर हा क्रम सगळीकडे पाळतात, कारण मीठ आधी गेले की गोडवा आत शिरायला वेळ लागतो. आपल्याकडच्या लाल भोपळ्यावर हे करताना दाशी निम्मी घ्यावी, कारण त्याला स्वतःचेच पाणी खूप सुटते.

बाजारातून शोयू आणताना एक खबरदारी घ्यावी: कान्साई, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागातला, फिकट रंगाचा उसुकुची शोयू दिसायला सौम्य असला, तरी नेहमीच्या गडद शोयूपेक्षा खारट असतो.

जूनचे आणि फेब्रुवारीचे काम

उमेबोशीच्या, म्हणजे खारवून वाळवलेल्या उमेंच्या, मोसमात पाहुण्याला पहिले काम मिळते ते देठाजवळची काळी टिकली बांबूच्या काडीने काढण्याचे. फळाला चीर पडू द्यायची नाही, नाहीतर तिथून बुरशी धरते. पिवळे, पिकून सुवास सुटलेले फळ घेतात. हिरवे कच्चे उमे खाऊ नयेत, ते विषारी असतात. एक किलो फळाला 180 ग्रॅम मीठ लावून वर वजन ठेवले की काही दिवसांत खारट रस फळांच्या वर येतो. मग मिठाने चोळून काळपट पाणी काढलेली तांबड्या शिसोची पाने त्यात घालतात, आणि तिथला पावसाळा सरल्यावर जुलैच्या अखेरीस सुपात पसरून तीन दिवस ऊन देतात. कमी मिठाच्या नव्या पद्धती ऐकायला मिळतील, पण मुंबई किंवा कोकणाच्या हवेत 18 टक्क्यांच्या खाली उतरू नये, असे माझे मत आहे.

मिसोचे काम हिवाळ्यातले. एक किलो सोयाबीन सुमारे 18 तास भिजवून, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत सहज चिरडेल इतके शिजवतात, कुटतात, एक किलो कोजी (आंबवण्यासाठी बुरशी चढवलेला तांदूळ) आणि 400 ते 450 ग्रॅम मीठ मिसळून मुठीएवढे गोळे करतात आणि हवा राहू नये म्हणून ते पिंपात जोराने आपटतात. कोवळ्या पोरांपासून आजीपर्यंत सगळे या कामाला लागतात. पिंप उन्हाळा ओलांडून पुढच्या हिवाळ्यात उघडतात. तांदळाच्या कोंड्यातली नुकाझुके लोणची मात्र पाहून सोडून द्यावीत. तो कोंडा विरजणासारखा जिवंत ठेवावा लागतो, रोज तळापासून हाताने उलटावा लागतो, आणि प्रवासी माणसाच्या नशिबात ते नसते.

शाकाहारी माणसासाठी

वाकायामात ओकाईसान नावाची चहातली पातळ पेज जुन्या घरांत अजून होते. कापडी पिशवीत भाजलेला चहा बांधून भरपूर पाणी उकळायचे, धुतलेले तांदूळ घालून मोठ्या आचेवर साधारण 20 मिनिटे शिजवायचे आणि ढवळायचे नाही, म्हणजे दाणा मोकळा राहतो. सोबत उमेबोशी आणि वांगी, काकडीवर्गीय फळ व आले घातलेला किन्झान्जी मिसो असतो. माशाचा प्रश्नच येत नाही. मोहरीवर्गीय ताकाना पाने खारवून त्यांत भात गुंडाळलेली मेहारीझुशीसुद्धा शिकण्याजोगी आहे. पानाचे देठ बारीक चिरून भातात घालतात आणि पानाने गोळा घट्ट गुंडाळतात. कोयासानच्या मठांत मुक्काम करता येतो आणि तिथले जेवण मांस-मासे, कांदा, लसूण यांच्याशिवाय असते. तिथला गोमादोफू, म्हणजे टोफूसारखी तिळाची मऊ वडी, करताना कुझू या वेलीच्या मुळांच्या पिठाचे मिश्रण शेगडीवर सतत घोटावे लागते.

परतल्यावर

घरी पोहोचल्यावर आठवड्याच्या आत वही स्वच्छ लिहून काढावी आणि जिथे शंका असेल त्या कृती सोप्या जपानीत टंकून बाईंना पाठवाव्यात. छायाचित्रे छापून टपालाने पाठवली तर फोनवरच्या छायाचित्रांपेक्षा त्यांचे मोल जास्त असते. बाईंची कृती किंवा छायाचित्र जाहीर ठिकाणी टाकायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी.

सामानाचे म्हणाल तर कोम्बू आणि शिइताके हवाबंद डब्यात, दमट हवेपासून दूर ठेवल्यास महिनोन्महिने टिकतात. कात्सुओबुशीची पुडी उघडल्यावर फ्रीजरमध्ये आणि मिसो फ्रीजमध्ये ठेवावा. जपानी तांदूळ न मिळाल्यास सरावासाठी इंद्रायणी घ्यावा, तो चिकट असल्याने भाताचे गोळे वळता येतात. बासमतीवर हे काम होत नाही. पाणी मात्र आपल्या नेहमीच्या मापाने घालू नये, एका वाटीला सव्वा वाटीपासून सुरुवात करून त्या पोत्याचा तांदूळ काय मागतो ते पाहावे.